कोरे कान

ढाब्यामागे तंदुराची राख टाकतात, त्या ढिगात ती अंगाचं मुटकुळं करून निजली होती. डबऱ्याच्या अलीकडे, झाशी रोडवर. जानेवारीतली सकाळ, धुकं इतकं की पुढच्या ट्रकचे मागचे दिवे तेवढे दिसत होते. ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी अनुभवली नाही त्यांना सांगायला हवं, इथे पारा ३-४ अंशांवर उतरतो आणि कधी कधी आठ-आठ दिवस ऊन म्हणून पडत नाही. ढाबेवाला म्हणाला, "दीदी, दस-बारह दिन से यहीं पड़ी है। राख गरम रहती है ना, रात को उसी में घुस जाती है।"

मला ती राखाडी रंगाचीच वाटली. माझ्या भाच्याने, निखिलने, चुचकारत तिला उठवलं. तिने अंग झाडलं आणि राखेखालून तपकिरी-काळे पट्टे निघाले. बरगड्या एकेक मोजून घ्याव्यात. मागचा उजवा पाय टेकत नव्हती, घोट्याजवळ लिंबाएवढी सूज होती. पण त्या अवस्थेतही तिची छाती खोल, कंबर अगदी आत गेलेली आणि पाठीला धनुष्यासारखी कमान. निखिल महूला पशुवैद्यकाचं शिकतो, सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, "मावशी, ही गावठी नाही. ग्रेहाउंड आहे. शर्यतीची."

गाडीत ती बसली नाही. मागच्या सीटवर चाळीस किलोमीटर तीन पायांवर उभी राहिली आणि हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवून पुढचा रस्ता बघत राहिली. नंतर कळलं की या जातीच्या कुत्र्यांना मांड्यांच्या भरदार स्नायूंमुळे बूड टेकून बसणं अवघडच जातं. ती उभी तरी राहतात, नाहीतर सपशेल आडवी होतात. त्या दिवशी मला एवढंच जाणवत होतं की खांद्यावरचं हे ओझं थरथरतंय, आणि त्याला वजन म्हणून नाही. दवाखान्यात काटा लावला तेव्हा १९ किलो भरली. तिच्या उंचीच्या मादीचं वजन २६-२७ किलो तरी असायला हवं होतं.

घरी आल्यावर आईने दारातच पाहिलं. आई ८१ वर्षांची आहे, लग्नानंतरचं तिचं सगळं आयुष्य ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांत गेलं. तिने आधी पायरीवर पाणी ओतलं, मग म्हणाली, "अगं बाई, ही कुत्री कसली, ही तर सुतळी!" तेच नाव पडलं.

संध्याकाळी निखिलने मोबाइलचा टॉर्च लावून सुतळीचे दोन्ही कान एकेक करून उलटे केले आणि आतून निरखून पाहिले. मी विचारलं, "काय शोधतोस?" तो म्हणाला, "नंबर." आयर्लंड, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, जिथे जिथे या शर्यती रीतसर होतात तिथे पिल्लू लहान असतानाच कानाच्या आत अक्षरं किंवा आकडे गोंदवतात. त्यावरून कुत्रं कोणाचं, कधी जन्मलं, आईबाप कोण, सगळं निघतं. सुतळीचे कान आतून गुलाबी, शिरा दिसतील इतके पातळ. आणि कोरे. कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप वाचायचं यंत्रही मानेवरून फिरवून झालं दुसऱ्या दिवशी. तेही गप्प राहिलं.

तोवर ग्रेहाउंड हा शब्द मला फक्त ऐकून माहीत होता. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर मला आधी आकडे लागतात. निखिलकडून आणि वाचून वाचून जे जमा झालं ते असं. हा कुत्रा ताशी ७० किलोमीटरच्या आसपास धावू शकतो. कुत्र्यांत याच्याइतकं जलद कोणी नाही. उघड्या माळावर सशामागे ग्रेहाउंड सोडायचे हा युरोपातला शतकानुशतकांचा शौक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ नावाच्या माणसाने रुळावरून विजेने पळणारा खोटा ससा तयार केला आणि १९१९ साली कॅलिफोर्नियात एमरीव्हिलला त्याच्या मागे कुत्रे धावू लागले. खऱ्या सशाचा जीव वाचावा हाही त्यामागचा एक हेतू होता असं म्हणतात. २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर इंग्लंडमधली पहिली तशी शर्यत झाली, आणि बघता बघता तो गिरणी कामगारांचा, गोदी कामगारांचा संध्याकाळचा विरंगुळा झाला. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला हातातल्या दोन नाण्यांवर काहीतरी थरारक पाहायला मिळायचं. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं डर्बी ही तिथली मोठी शर्यत जिंकणारा मिक द मिलर हा कुत्रा इतका लोकप्रिय झाला की मेल्यावर त्याच्या कातड्यात भुसा भरून त्याला संग्रहालयात ठेवलं. ट्रिंगच्या संग्रहालयात तो अजून उभा आहे.

शर्यत असते अर्ध्या मिनिटाची. तीसेक सेकंदांत ४८० मीटर. कुत्रं दीड वर्षाचं झालं की धावायला लागतं, आणि साडेतीन-चार वर्षांचं झालं की बहुतेकांचं संपतं. त्याआधी मोडलं तर त्याआधीच. आणि ग्रेहाउंडचं आयुष्य असतं १२ ते १४ वर्षांचं. ही वजाबाकी मी वहीत करून पाहिली नाही, तोंडीच येते. पण ती सुटल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात तशीच उभी होते. आठ ते दहा वर्षं. ती कोणाची?

सुतळीच्या घोट्याचा एक्स-रे काढला. आतलं मधलं छोटं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं होतं. डॉक्टरांनी समजावलं ते असं, की गोल धावपट्टीवर कुत्रे डावीकडे वळत पळतात आणि वळणावर सगळा भार उजव्या मागच्या पायाच्या घोट्यावर येतो; तेच हाड पुन्हा पुन्हा त्याच बाजूचं मोडतं. ताबडतोब उपचार केले तर पुष्कळ कुत्रे बरे होतात, चालायला तर नक्कीच लागतात. सुतळीवर कोणी उपचार केलेच नव्हते. मोडलं ते मोडलं, आणि गाडी डबऱ्याकडे वळली असेल.

माझ्या मनात राग होता, आणि रागाला तोंड नव्हतं. डबरा-भितरवार भागात फाळणीनंतर पंजाबातून आलेली शेतकरी कुटुंबं आहेत, त्यांनी तिथली जमीन कसून सोन्यासारखी केली. पंजाबात लुधियानाजवळ किला रायपूरला १९३३ पासून ग्रामीण खेळ भरतात. तिथे बैलगाड्यांबरोबर ग्रेहाउंडच्याही शर्यती होत आल्या आहेत. म्हणून मी मनाशीच आरोपी ठरवून टाकला होता. निखिल मला एका म्हाताऱ्या सरदारजींकडे घेऊन गेला. त्यांच्या अंगणात, खाटेवर, हो, खाटेवरच, तीन ग्रेहाउंड रजई पांघरून पडले होते. एक दहा वर्षांची, एक आंधळा. सरदारजींनी तरुणपणी शर्यती गाजवल्या होत्या. त्यांनी माझ्या हातात चहाचा पेला दिला, सुतळीचा फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "बेटी, हमारे बापू कहते थे, जिसको दौड़ाया उसको दफनाना भी अपने हाथ से।" मग विचारलं, "कान में कुछ लिखा है?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "फिर जिसकी है, वो मानेगा थोड़े ही।"

परत येताना मला माझीच लाज वाटली. माणसाची जात-गाव बघून मी गुन्हा ठरवला होता. ज्यांच्या घरी मी आरोप मनात धरून गेले, त्यांच्याच अंगणात मला या सगळ्या प्रश्नाचं सर्वांत नीट उत्तर मिळालं होतं, तेही रजई पांघरून झोपलेलं.

पण सरदारजींचे बापू सगळ्यांनाच लाभत नाहीत. आणि बापूंच्या भरवशावर कारभार चालत नाही, त्याला नोंद लागते.

माझे वडील मला लहानपणी मेळ्यात न्यायचे. ग्वाल्हेरचा मेळा १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केला तो जनावरांचा बाजार म्हणून. आता तिथे मोटारी आणि फर्निचर विकतात, पण माझ्या आठवणीत बैल आहेत. रुमालाखाली बोटं धरून ठरणारा भाव, जबडा उघडून मोजलेले दात, आणि शेवटी पावती. पावतीवर विकणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, बैलाचा रंग, शिंगांची ठेवण. बैल हा मुका जीव, पण त्याच्या मागे दोन माणसांची नावं चालायची. कोण कुठून आला, कोणाच्या दावणीला गेला, हे कागद सांगायचा. सुतळीच्या मागे एकही नाव नव्हतं.

बैलांचा विषय निघालाच आहे तर आईचं म्हणणं सांगते. आमच्याकडे पिठोरी अमावास्येला मातीचे बैल पुजतात. माझ्या आजोळी, बार्शीकडे, खरे बैल होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांचे खांदे तूप-हळदीने मळायचे आणि कानाशी जाऊन म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आई म्हणते, शर्यती आमच्याकडेही होत्या, माणसाला हौस असतेच, पण बैल हरला म्हणून त्याचा पोळा कधी चुकला नाही. मी तिच्याशी पूर्ण सहमत नाही. बैलगाडा शर्यतींत शेपट्या पिरगाळल्या जायच्या, टोचण्या वापरल्या जायच्या, म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी त्यांच्यावर आणि जलिकट्टूवर बंदी आणली होती. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्यांचे कायदे मान्य केले. या निकालांबद्दल लोकांची मतं टोकाची आहेत. पण आईच्या बोलण्यातलं एक मला पटतं. बैल शर्यतीखेरीज शेतकऱ्याच्या घरात काहीतरी असतो. तो नांगराचा असतो, सणाचा असतो, म्हातारा झाला तर गोठ्याच्या कोपऱ्यातला असतो. शर्यतीचा ग्रेहाउंड धावण्याखेरीज कोणाचाच कोणी नसतो. त्याचा पोळा नाही. त्याच्यासाठी पांजरपोळही कोणी बांधत नाही.

याचा अर्थ काय होतो ते इंग्लंडमध्ये एकदा फार भयंकर रीतीने दिसलं. २००६ साली तिथल्या एका वृत्तपत्राने उघड केलं की सीहॅम नावाच्या गावात एक माणूस पंधराएक वर्षं ग्रेहाउंड मारून आपल्या जमिनीत पुरत होता. शर्यतीतून बाद झालेले कुत्रे लोक त्याच्याकडे आणून द्यायचे, कुत्र्यामागे १० पौंड. आकडा दहा हजारांच्या घरात सांगितला गेला. त्याला शिक्षा झाली ती दंडाची, आणि तीही परवान्याशिवाय कचरा पुरल्याबद्दल. कुत्रे मारणं हा तिथे, त्रास न देता केलं तर, गुन्हाच ठरत नव्हता. मी हे वाचलं त्या रात्री सुतळी माझ्या पलंगाजवळ चटईवर उताणी, चारही पाय वर करून झोपली होती, स्वप्नात पळत होती, पंजे हलत होते. मी दिवा विझवला नाही.

त्या गदारोळानंतर तिथे २०१० साली नियम झाले. धावणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या कानात गोंदण आणि अंगात चिप हवी, मैदानावर पशुवैद्य हजर हवा, कुत्र्यांना ठेवायची जागा अशी-अशी हवी. २०२० पासून परवानाधारक शर्यतींत तर कुत्र्याची नोंद करतानाच त्याच्या निवृत्तीसाठी ४०० पौंडांची रक्कम बाजूला काढायला सुरुवात झाली, निम्मी मालकाची, निम्मी शर्यतीच्या मंडळाची. घर मिळालेल्या कुत्र्यामागे ती रक्कम सांभाळणाऱ्या संस्थेला मिळते. तिथले प्राणिमित्र म्हणतात हे तोकडं आहे, शर्यतच बंद करा. मलाही तोकडंच वाटतं, आठ वर्षांच्या मानाने ४०० पौंड म्हणजे काय. तरी एक तत्त्व त्यात आहे ते मला मोलाचं वाटतं: पिल्लू पहिल्यांदा धावायच्या आधीच त्याच्या म्हातारपणाचा खर्च कोणाच्या तरी खात्यावर मांडलेला असतो.

आणि मकाऊ. चीनच्या किनाऱ्यावरच्या या शहरातलं कॅनिड्रोम हे आशियातलं नावाजलेलं ग्रेहाउंडचं मैदान होतं, कुत्रे ऑस्ट्रेलियातून यायचे, आणि आलेलं कुत्रं सहसा जिवंत परत जात नसे. सरकारने २०१६ साली कंपनीला सांगितलं की दोन वर्षांत जागा खाली करा. दोन वर्षं म्हणजे कुत्र्यांची सोय लावायला भरपूर वेळ. २०१८ च्या जुलैत मैदान बंद झालं तेव्हा पाचशेहून जास्त कुत्रे आत तसेच पिंजऱ्यांत होते. कंपनीने कुलूप लावायची तयारी केली होती, कुत्र्यांची नव्हती. शेवटी सरकारला त्यांचा ताबा घ्यावा लागला. ॲनिमा नावाच्या तिथल्या संस्थेने, अल्बानो मार्टिन्स हे तिचे तेव्हाचे अध्यक्ष, जगभर पत्रं पाठवली, घरं शोधली. इटली, इंग्लंड, अमेरिका, जिथे जिथे कोणी हो म्हणालं तिथे एकेक कुत्रं विमानाने गेलं. ही कामगिरी किती किचकट असेल याची मला थोडी कल्पना आहे. एका सुतळीला घर देताना आमचं अख्खं घर कामाला लागलं होतं.

त्याबद्दल लिहायला हवं, कारण 'दत्तक घेतलं' या दोन शब्दांत ते मावत नाही.

पहिलं म्हणजे जिना. आमचं घर जुनं, दगडी पायऱ्यांचं, उभ्या चढणीचं. सुतळीने आयुष्यात जिना पाहिला नव्हता. ती पहिल्या पायरीशी आली, पुढचे दोन पाय वर ठेवले आणि तिथेच गोठली. पुढे नाही, मागे नाही. डोळे विस्फारलेले, अंगभर कापरं. ती वाढली असणार सपाट जमिनीवरच्या खोपटात, तिथे उंची नावाची गोष्टच नसावी. निखिल मागून एकेक पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवायचा, मी पुढून अंड्याचा तुकडा दाखवायची, आई वरच्या कठड्यावरून "ये गं, ये गं माझी बाय" करायची. पहिल्या दिवशी चार पायऱ्या. सतरा पायऱ्यांना आठ दिवस लागले. नवव्या दिवशी ती एकटी चढली, आणि वर पोचल्यावर मागे वळून खाली पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि तिचे दात कटकट वाजायला लागले. मी घाबरले, थंडी वाजतेय म्हणून. निखिल हसला, "मावशी, ग्रेहाउंड आनंदात असे दात वाजवतात."

अंडी हा आमच्या घरातला दुसरा जिना. आईच्या स्वयंपाकघरात अंडं आजवर आलं नव्हतं. तिने तोडगा काढला: गच्चीवर जुना गॅस, वेगळं पातेलं, आणि उकडायचं मी. पुढे पुढे "आज तिची अंडी झाली का?" असं तीच विचारायला लागली.

थंडीचं तर विचारूच नका. या कुत्र्याच्या कातडीखाली चरबी जवळजवळ नाही, केस आखूड, त्यामुळे ग्वाल्हेरचा जानेवारी त्याला झेपत नाही आणि मे महिनाही. आईने दोन जुन्या नऊवारी लुगड्यांची गोधडी शिवली होती, ती उसवून तिने सुतळीसाठी झूल शिवली, पोटाखाली बंद, मानेशी दुमड. आमच्या गल्लीतले लोक विचारायचे, "आंटी, ये हड्डी का ढाँचा पालके क्या करोगी?" आई म्हणायची, "ढाँचा नहीं, मेहमान है।" उन्हाळ्यात पहाटे पाचला फिरणं, मग दिवसभर कूलरसमोर. त्यातही एक गैरसमज होता माझा, की हिला रोज मैलोन् मैल पळवावं लागेल. जगातलं सगळ्यात वेगवान कुत्रं दिवसाचे सोळा-सोळा तास झोपतं, हे मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

आणि झोपेतून तिला हात लावून उठवायचं नाही. एकदा मी पांघरूण सारखं करायला गेले आणि ती गुरकावून उठली, दात माझ्या मनगटाला निसटते लागले. नंतर ओशाळून कोपऱ्यात गेली. जे कुत्रे पिंजऱ्यात एकटे झोपत आले, त्यांना झोपेत अंगाला स्पर्श म्हणजे धोका एवढंच ठाऊक असतं. आता आम्ही लांबून नावाने हाक मारतो. डोळे उघडे ठेवूनही ती झोपते, म्हणून हाक मारल्यावर कान हलला की मगच जवळ जायचं.

तीन महिन्यांनी तिचे दात साफ करायचे ठरले. हिरड्या इतक्या खराब होत्या की तिला खाताना दुखायचं. त्याआधी रक्त तपासलं. तरुण डॉक्टर अहवाल बघून काळजीत पडले. तांबड्या पेशींचं प्रमाण ६१ टक्के, थायरॉइडचा आकडा कमी. त्यांना वाटलं शरीरातलं पाणी कमी झालंय, शिवाय थायरॉइडचा आजार आहे. निखिलने महूला आपल्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, थांबा, ग्रेहाउंडमध्ये हेच सर्वसाधारण आहे. इतर कुत्र्यांत ते प्रमाण साधारण ३७ ते ५५ असतं, यांच्यात ५० ते ६५. थायरॉइडचा आकडाही या जातीत मुळातच कमी असतो. आणि भुलीची काही जुनी औषधं, बार्बिट्युरेट गटातली, यांना अजिबात देऊ नका. चरबी नसल्याने आणि यकृत ती लवकर निपटवत नसल्याने कुत्रं तासन् तास शुद्धीवर येत नाही, कधी येतच नाही. त्या तरुण डॉक्टरांनी हे सगळं एका कागदावर लिहून घेतलं, सरांशी दोनदा बोलले, औषध बदललं. सुतळी दोन तासांत डोळे उघडून बसली. म्हणजे पडली. हा फोन झाला नसता तर, हा विचार मी अजून पुरता करत नाही. ज्याने तिला वाढवलं त्याला हे सगळं माहीत असणार. त्याने ती माहिती तिच्याबरोबर पाठवली असती, नुसती चिठ्ठी गळ्यात बांधली असती, तरी पुरे होतं.

कायद्याबद्दल मी चौकशी केली. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे आहे. त्याचं तिसरं कलम सांगतं की प्राणी ज्याच्या ताब्यात असेल, त्याच्या हिताची काळजी घेणं हे त्या माणसाचं कर्तव्य आहे. अकराव्या कलमात प्राण्याला भुकेने-तहानेने तडफडेल अशा स्थितीत सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. साठ वर्षं उलटून गेली तरी आकडा तोच. इथे ५० रुपयांत पाव किलो चांगली गजक, म्हणजे तीळ-गुळाची मिठाईही, येत नाही. आणि तो दंड करायला तरी माणूस सापडायला हवा. २०१७ च्या नियमांनी कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला नोंदणी सक्तीची केली, पिल्लांना चिप सक्तीची केली. ते नियम डबऱ्याच्या रस्त्यावर पाळले गेले असते तर सुतळीच्या मानेवरून फिरवलेलं यंत्र गप्प राहिलं नसतं.

मला वाटतं सगळं इथेच आहे. दंड वाढवा, जरूर वाढवा. शर्यती बंद करा असंही मी म्हणेन. अमेरिकेत फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ साली तेच केलं, शंभरातल्या ६९ जणांनी बंदीच्या बाजूने मत दिलं. न्यूझीलंडच्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये बंदी जाहीर केली तेव्हा २० महिन्यांची मुदत ठेवली, धावणाऱ्या सुमारे २,९०० कुत्र्यांना घरं शोधता यावीत म्हणून. मकाऊवरून कोणी काही शिकलं असेल तर ते हे. पण आपल्याकडे शर्यत आज बंद झाली तर उद्या रस्त्यावर किती सुतळ्या येतील, याचा आकडा कोणाच्याच वहीत नाही. कारण कान कोरे आहेत. आधी नाव हवं. कुत्र्याच्या अंगावर माणसाचं नाव, शेवटपर्यंत न पुसणारं.

ऑक्टोबरात, पाय बरा झाल्यावर, ओळखीच्या एकांच्या चार भिंतींच्या आवारात आम्ही तिचा पट्टा काढला. मोकळ्या रस्त्यावर ते कधीच करायचं नाही, एखादी खार दिसली की ती अर्ध्या मैलावर गेलेली असेल. ती आधी हुंगत फिरली. मग काय मनात आलं कोण जाणे, मान खाली घातली आणि निघाली. मी तिला धावताना पहिल्यांदाच पाहत होते. दर झेपेत दोनदा तिचे चारही पाय जमिनीवरून सुटायचे, एकदा अंग आक्रसून, एकदा ताणून. माती उडाल्याचा आवाज मागून येत होता. ससा नव्हता, कोणी टाळ्या वाजवत नव्हतं, ती नुसती स्वतःसाठी गोल गोल धावत होती. दोन फेऱ्या झाल्या, थोडी लंगडली, माझ्यापाशी येऊन सगळा भार माझ्या पायांवर टाकून टेकून उभी राहिली. मला रडू आलं. धावणं तिच्याकडून कोणीच काढून घेऊ शकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात निखिलने तिच्या मानेत चिप बसवून घेतली. तांदळाच्या दाण्याएवढी असते. सुईला ती किंचित थरथरली, बाकी काही नाही. मग फॉर्म भरायचा होता. जात, रंग, लिंग, अंदाजे वय. 'मालकाचे नाव' या रकान्यात मी माझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, फोन लिहिला. आई शेजारी बसली होती, म्हणाली, "माझंही घाल." जागा एकाच नावाची होती, तरी मी खाली बारीक अक्षरांत घातलं.

चिपेवर पंधरा आकडी नंबर असतो. तो मला पाठ आहे. आईलाही सुरुवातीचे नऊ येतात. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर ती म्हणून पाहते, अडली की माझ्याकडे बघते, आणि सुतळी झूल अंगावर घेऊन देवघराच्या उंबऱ्याशी आडवी पडलेली असते.